ऑटिस्टिक संगीत-विद्यार्थ्यांची परीक्षा: सवलत मागताना या चुका टाळा

अर्जात बहुतेक जण एकच ओळ लिहितात: 'विद्यार्थी ऑटिस्टिक आहे, जादा वेळ द्यावा.' सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तयार बसवलेली रचना मूल छान वाजवत असेल, तर तिथे जादा वेळ घेऊन ते करणार काय? त्याचं घोडं बऱ्याचदा अडतं परीक्षकाच्या भराभर येणाऱ्या तोंडी सूचनांपाशी. म्हणून परीक्षेचा एकेक भाग घेऊन नेमकं मागा. एका वेळी एकच सूचना, तीही थोडक्या शब्दांत. स्केल्सची, म्हणजे क्रमाने वाजवायच्या स्वरमालिकांची, यादी समोर. ऑरल टेस्टमधला (ऐकून उत्तरं द्यायच्या भागातला) तुकडा पुन्हा ऐकायची मुभा. थांबायला शांत खोली. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या वाद्यपरीक्षेत साइट-रीडिंगचा, म्हणजे स्वरलिपी पाहून तिथल्या तिथे वाजवायचा, अनोळखी तुकडा पाहायला एरवी अर्धं मिनिट मिळतं. जादा वेळ मागायचा तर तो इथे.

मागणी नोंदणीच्या वेळीच, कागदपत्रांसह पाठवा. आयत्या वेळी परीक्षकाला गळ घालू नका, तो निर्णय सहसा त्याच्या हातात नसतो. आणि सवलत म्हणजे वाढीव गुण, हा गैरसमज तर आधीच काढून टाका. गुणांचे निकष सगळ्यांना तेच.

'घरी सगळं येतं, परीक्षेला गेल्यावर गाडी अडते' ही तक्रार नेहमीची. आधी वाद्य तपासा. निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे नुसता ऐकून स्वर ओळखता येणं, ऑटिस्टिक मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. घरचा पियानो किंचित उतरलेला आणि परीक्षा केंद्रातला बरोबर ४४० हर्ट्झ या प्रमाण पट्टीला लावलेला असेल, तर अशा मुलाला पाठ असलेली रचनाही परकी वाटते. घरचं वाद्य वेळेत लावून घ्या. त्याखालोखाल कारण परीक्षकाचं मौन. तो 'छान' म्हणत नाही, नुसता लिहीत राहतो, आणि मुलाला वाटतं आपलं चुकलं. सराव-परीक्षेत तुम्हीही अगदी तसंच कोरडं वागा (हे शिक्षकांनाच जास्त जड जातं!).

एबीआरएसएमचीच, रेकॉर्डिंग पाठवून द्यायची परफॉर्मन्स ग्रेड ही परीक्षा अनेकांना सोपी वाटते. चार रचना, स्केल्स नाहीत, साइट-रीडिंग नाही, ऑरल नाही. पण चारही रचना एकाच सलग चित्रीकरणात हव्यात. चुकलं की पहिल्यापासून सुरू करणाऱ्या मुलासाठी समोरासमोरची परीक्षा कधीकधी बरी.