काम थांबवताना पुढची कृती लिहून ठेवा

अध्यापनाचा हंगाम ऐन भरात असताना लेखन, चित्रकला किंवा वाद्याचा रियाज यांसाठी वेळ अजिबातच मिळत नाही असे नसते. अधूनमधून २०-२५ मिनिटे मिळतात, पण मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो हे आठवण्यातच ती निघून जातात.

यावर उपाय असा, की प्रत्येक बैठकीची शेवटची ५ मिनिटे नवे काही न करता राखून ठेवावीत आणि त्या वेळात पुढची एकच कृती चिठ्ठीवर पूर्ण वाक्यात लिहावी. ‘कथा पुढे न्यायची’ असे मोघम लिहून उपयोग होत नाही. ‘दुसऱ्या प्रसंगातील बहिणीचे उत्तर लिहायचे, ती खोटे बोलते आहे हे वाचकाला कळले पाहिजे’ इतके नेमके लिहिले, तर पुढच्या वेळी बसताक्षणी हात चालू लागतो. चित्र असेल तर कोणत्या भागात कोणता रंग, रियाज असेल तर कोणती ओळ कोणत्या लयीत, हे नोंदवावे. चिठ्ठी थेट त्या साहित्यावरच चिकटवावी.

उत्तरपत्रिका तपासण्याच्या आठवड्यांत एकाच प्रकल्पाची चिठ्ठी चालू ठेवून बाकीचे प्रकल्प निःशंकपणे बाजूला ठेवावेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मात्र फिरणे, वाचन किंवा गाणी ऐकणे यांसारख्या निव्वळ विरंगुळ्याच्या गोष्टींना ही चिठ्ठी लावू नये, कारण तसे केल्यास विश्रांतीचेही गृहपाठासारखे ओझे होते.