चहाच्या पातेल्यात काय तुटतं?

अकरावीच्या पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत मला २५ पैकी ६ मिळाले. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर होते, त्यामुळे घरी कुणाला खरंच वाटेना. ‘सहसंयुज’चं ‘कोव्हॅलंट’ झालं म्हणून मी आपटलो असं सगळे धरून चालले. तसं नव्हतं. मराठी माध्यमातून आला असाल तर शब्दांना घाबरू नका, दिवाळीपर्यंत ते तोंडात बसतात.

मी फसलो दहावीत घोकलेल्या एका वाक्यावर : सहसंयुज संयुगांचे द्रवणांक व उत्कलनांक कमी असतात. वाक्य बऱ्याचदा खरं, पण त्यावरून मी परस्पर ठरवून टाकलं की सहसंयुज बंधच (म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळवलेला) लेचापेचा असतो. पेपरात लिहून आलो, ‘पाणी उकळताना हायड्रोजन-ऑक्सिजनमधले बंध तुटतात.’ सरांनी शेजारी लाल पेनने लिहिलं, ‘मग चहा ठेवल्यावर स्फोट का होत नाही?’

दोन दिवस डोक्यात काही शिरलं नाही. मग एकदा पातेल्यावरचं झाकण उचललं, तर आतून थेंब लोंबत होते. पाण्याचेच. बंध तुटले असते तर खाली पेटलेल्या गॅसवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटले असते! रेणू जसाच्या तसा वर गेला होता, फक्त शेजारच्या रेणूंचा हात सोडून. एक मोल, म्हणजे साधारण १८ ग्रॅम, पाण्याची वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४६० च्या आसपास, आणि रेणूत असे बंध दोन.

आता वाळू घ्या. तिच्यातला सिलिकाही सहसंयुजच, पण वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. उलट कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उणे ७८ अंशांनाच थेट वायू होतो. वाळूत सुटे रेणूच नाहीत, सगळं एकच जाळं, त्यामुळे तिथे खरेखुरे बंध तोडावे लागतात. तेव्हा आधी रचना बघा, मग उत्तर लिहा. ‘एका रात्रीत बाँडिंग’ छापाचे व्हिडिओ मी सगळे पाहिलेत. वेळ गेला. त्यापेक्षा वर्गात मूर्ख प्रश्न विचारा, लोक दोन मिनिटं हसतात फक्त.

अभिक्रियेचा वेग त्यामानाने सोपा आहे, खरंच. शहाबादी फरशीचा तुकडा आणि तेवढ्याच वजनाचा चुरा सारख्याच आम्लात टाका, चुरा जास्त जोरात फसफसतो, कारण आम्लाला भिडायला पृष्ठभाग जास्त मिळतो. पण आम्ल पुरेसं असेल तर वायू दोन्हीकडे तेवढाच निघतो. वेळेनुसार किती वायू निघाला त्याच्या आलेखात चुऱ्याची रेषा आधी चढते, आणि शेवटी दोन्ही एकाच उंचीला सपाट होतात. मी चुऱ्याची वरच ठेवली होती. २ मार्क तिथेही गेले.