जेलमधून सुटलात? मतदार यादीत नाव परत आणायचं तर हे करा

आमच्या वस्तीत निवडणुका आल्या की फॉर्म भरून द्यायला बसतो आम्ही काही जण, आणि दरवेळी कोणीतरी लांब उभा असतो, जवळ येतच नाही. विचारलं की हळूच सांगतो, दादा मी आत जाऊन आलोय, मला मत नसतं. हा समज इतका पक्का आहे की वकिलाकडे खेटे घालणारी शिकलेली माणसंसुद्धा तेच बोलतात. ते खरं नाहीये. निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला भारतात मत देता येतं, आणि त्यासाठी सहा वर्षं, पाच वर्षं असं काही थांबावं लागत नाही. सहा वर्षांचा नियम निवडणुकीला उभं राहण्याचा आहे, त्याचं पुढे सांगतोच.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण ऑफिसात कोणी उडवून लावलं तर बोलता यायला हवं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५). त्यात लिहिलंय की जो माणूस तुरुंगात आहे किंवा पोलीस कोठडीत आहे त्याला मत देता येणार नाही. बस एवढंच. गुन्हा कुठला, शिक्षा किती, दोषी की निर्दोष, याच्याशी त्या कलमाला घेणंदेणंच नाही, त्या दिवशी तुम्ही भिंतीच्या आत आहात की बाहेर एवढंच बघितलं जातं. म्हणजे खालच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिलेला माणूस अपिलात जामिनावर बाहेर असेल तर तो मत देऊ शकतो, आणि ज्याच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत पडून आहे, त्याला मत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे चार लाखांच्या वर लोक, निकाल लागायच्या आधीच मत गमावून बसलेले. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये हे कलम योग्य ठरवलं, कारणं काय तर एवढा पोलीस बंदोबस्त कुठून आणायचा आणि जो स्वतःच्या वागण्याने आत गेला तो बाहेरच्यांसारखे हक्क मागू शकत नाही. आमदारांनाही यातून सूट मिळाली नाही, जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानाला नवाब मलिक आणि अनिल देशमुख दोघंही आत होते, खटला चालून शिक्षा झालेली नव्हती तरी कोर्टाने मतदानाला सोडलं नाही. आणि याच कलमात एक सूट आहे, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच आत ठेवलेल्यांना, मत देता येतं, म्हणजे एमपीडीए (झोपडपट्टी दादा, गुंड यांच्यावरचा राज्याचा कायदा) किंवा रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) लागलेला माणूस पोस्टल बॅलटने मत देऊ शकतो. मग त्याच जेलमधल्या कच्च्या कैद्याला पोस्टाने मत का देता येऊ नये? कागद तोच, जेल तेच, सोय आधीपासून आहेच. तुमच्या घरचं कोणी स्थानबद्ध असेल तर हे लक्षात ठेवा, अशा लोकांची नावं सरकारने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायची असतात आणि स्थानबद्ध माणूस स्वतःही कळवू शकतो. निवडणूक जाहीर झाली की लगेच जेलमध्ये भेटायला जाऊन त्याच्याकडून अर्ज लिहून घ्या आणि जेल अधिकाऱ्यांमार्फत पाठवा, उशीर झाला की मतपत्रिका येतच नाही.

आता माणूस आत असताना घरच्यांनी काय करायचं ते. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण नाव बहुतेक वेळा इथेच जातं. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात साफ आहे की तुरुंगात असल्यामुळे मत देता येत नसलं तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतोच. आणि तुरुंग हा त्याचा राहण्याचा पत्ता धरला जात नाही, घरचा पत्ता तोच खरा पत्ता. पण होतं काय, बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी तपासणारे कर्मचारी, घरोघर फिरत येतात, कुठे अंगणवाडीताई, कुठे शाळेतले गुरुजी, हातात यादी. घरात सून एकटी. ताई विचारतात, हे कुठे असतात? आता ती काय सांगणार, शेजारीण दारात उभी आहे, पोरगं ऐकतंय. ती म्हणते, ते इथं नसतात. ताई पुढे खूण करतात, स्थलांतरित. संपलं. नंतर तो सुटून येतो तेव्हा आईचं नाव यादीत, बायकोचं यादीत, मधल्या नंबरवर त्याचं नव्हतं झालेलं.

त्यामुळे घरच्यांना आधीच सांगून ठेवा की उत्तर असं द्यायचं: "ते याच घरचे आहेत, सध्या बाहेर आहेत, नाव कमी करू नका." कुठे आहेत ते शेजाऱ्यांसमोर सांगायची गरज नाही, लपवायचं नसेल तर ताईंना बाजूला घेऊन सांगा, कळलं तरी नाव कमी करता येत नाहीच. आणि कोणी फॉर्म ७ भरून नाव कमी करायला सांगितलं असेल तर कमी करण्याआधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. अशी नोटीस घरी आली तर चुलीत घालू नका, त्या तारखेला घरातलं कोणीतरी रेशनकार्ड आणि त्याचं जुनं व्होटर कार्ड घेऊन जा.

सुटून आल्यावर पहिलं काम नाव शोधायचं. निवडणूक आयोगाच्या ॲपमध्ये किंवा पोर्टलवर एपिक नंबर, म्हणजे व्होटर कार्डावरचा नंबर, टाकून बघा, कार्ड हरवलं असेल तर नाव, वडिलांचं नाव, वय टाकून शोधा, स्पेलिंग दोनतीन प्रकारे टाकून बघा कारण यादीत काय छापलंय सांगता येत नाही. मोबाइल नसेल तर १९५० ला फोन करा नाहीतर तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत जा. नाव सापडलं आणि पत्ता तोच असेल तर काहीच करायचं नाही. नाव आहे पण तुम्ही आता बहिणीकडे किंवा दुसऱ्या गावात राहायला गेलात तर फॉर्म ८, कार्ड हरवलं असेल तरी फॉर्म ८ च.

नाव गेलंच असेल तर फॉर्म ६. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. आधार कार्ड दोन्हीला चालतं, नाहीतर वयाला जन्मदाखला किंवा दहावीचं मार्कशीट, पत्त्याला लाइट बिल, बँकेचं पासबुक वगैरे. घरातल्या कोणाचं नाव यादीत आहे त्याचा एपिक नंबर टाकायची जागा आहे, तो नक्की टाका म्हणजे सगळे एकाच बूथवर येता. आता नीट ऐका, या फॉर्ममध्ये गुन्ह्याचा, शिक्षेचा, केसचा एकही रकाना नाही. सुटकेचा दाखला जोडायचा नाही. कोणी काउंटरवर मागितला तर शांतपणे विचारा की फॉर्ममध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा.

फॉर्मच्या शेवटी जाहीरनामा असतो, तो न वाचता सही ठोकू नका, खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि आधीच आत जाऊन आलेल्या माणसाला हे नवीन लफडं कशाला हवं. तुमचं नाव आधी होतं आणि मध्ये कमी झालं असेल तर ते लपवू नका, साध्या कागदावर वेगळा अर्ज लिहा, जुना एपिक नंबर, जुना बूथ, नाव कमी झाल्याचं कधी कळलं, आणि तो जोडून द्या. पोचपावती घ्या, तिचा फोटो काढून ठेवा.

घरच्यांनी दार लावून घेतलंय, राहायला ठिकाण नाही, असंही खूप जणांचं असतं. तरीही नाव लागतं. पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर, स्टेशनजवळ जिथे झोपता तो पत्ता द्यायचा, बीएलओ रात्री येऊन बघतात की माणूस खरंच तिथे झोपतो का, कागदाचा पुरावा लागत नाही. दोनतीन रात्री जागा सोडू नका एवढंच.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आणि हे सगळं निवडणुकीच्या तोंडावर नको, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. नगरपालिका, झेडपीच्या याद्यासुद्धा विधानसभेच्या यादीवरूनच बनतात, म्हणून एकदा तिथे नाव लागलं की बरंच काम होतं.

एक अपवाद सांगायलाच पाहिजे. मतदारांना पैसे वाटणं, दमदाटी, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं अशा निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांत शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्यापासून सहा वर्षं मतदानाचाच हक्क जातो. हे मला योग्य वाटतं, ज्याने मतच विकत घेतलं त्याला काही काळ बाहेर ठेवलं तर चुकलं काय. पण मारामारी, चोरी, चेक बाउन्स, याचा मतदानाशी काय संबंध?

उभं राहायचं असेल तर गणित वेगळं. आमदारकी, खासदारकीला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्र आणि सुटल्यावर पुढे सहा वर्षं, काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी. अपील केलं आणि शिक्षा स्थगित झाली म्हणजे मोकळे झालात असं नाही, दोषी ठरवण्यालाच स्थगिती लागते, २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी अशाच स्थगितीनंतर परत मिळाली. ग्रामपंचायतीला अजून कडक, सहा महिने शिक्षा झाली तरी सुटल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं. सरपंच होता आलं नाही तरी ग्रामसभेत बसायचा, बोलायचा हक्क जात नाही, यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो.

मतदानाच्या दिवशी कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, फोटोवालं पासबुक यातलं काही चालतं, यादीत नाव हवं. गावात कोणीतरी बूथवर म्हणेल, हा जेलमधून आलाय, याला कसं मत देऊ देता? केंद्राध्यक्षाकडे सुटलेल्या लोकांची काही वेगळी यादी नसते आणि त्या कारणाने थांबवताही येत नाही. पोलिंग एजंटला आक्षेप घ्यायचाच तर एकाच गोष्टीवर, की हा माणूस तो नव्हेच, आणि त्यासाठी त्याने आधी २ रुपये रोख भरायचे. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात, तुम्ही तुमचं आधार दाखवा, शेजारचा कोणी ओळख द्यायला असेल तर बोलवा, आक्षेप टिकला नाही की रजिस्टरवर सही करून आत जा आणि बटण दाबा.