ग्वाल्हेरच्या थंडीत घरातल्या कुंड्यांची मुळं उबदार कशी ठेवावीत

डिसेंबर संपत आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मनी प्लांट मलूल झालाय, अँथुरियमची पानं पिवळी पडताहेत, आणि पाणी तर रोज घालतोय! त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: खोलीत हीटर लावा, नाहीतर अजून थोडं पाणी घाला. या दोन्ही सल्ल्यांनी झाड मरतं.

घरात आपण जी झाडं हौसेने ठेवतो ती बहुतेक उष्ण, दमट जंगलांतली. अँथुरियम, कॅलेथिया, अॅग्लोनिमा, पीस लिली, मनी प्लांट, सगळी त्याच गोत्रातली. माती १८ अंशांच्या वर असेल तोवर त्यांची मुळं नीट काम करतात. १५ च्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि १० च्या आसपास माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. गार पाणी जड वाहतं, आणि मुळांच्या पेशीही थंडीत ते सहज आत घेत नाहीत. वर पानं मात्र पाणी हवेत सोडतच राहतात. म्हणून ओल्या मातीतलं झाड तहानलेलं दिसतं. त्यात आणखी पाणी ओतलं की मुळं कुजायला लागतात. हीटर लावला तर पानांभोवतीची हवा गरम आणि कोरडी होते, पानं जास्तच पाणी मागतात, आणि कुंडी खाली फरशीवर होती तितकीच गार राहते.

आपल्या जुन्या घरांत भिंतीही दगडी आणि फरशीही दगडी. जानेवारीत रात्रीचा पारा ४-५ अंशांवर आला की तो दगड दिवसभर गार राहतो.

मोजा

स्वयंपाकाचा किंवा माशांच्या टाकीचा थर्मामीटर मातीत चार बोटं खोल खुपसा आणि सकाळी उजाडायच्या सुमारास वाचा. भिंतीवरचा खोलीचा आकडा इथे कामाचा नाही. माती १५ च्या वर असेल तर पुढचं काहीच करू नका.

फरशीपासून उचला

कुंडी पाटावर किंवा चौरंगावर ठेवा. पाट नसेल तर दोन विटा आणि वर थर्माकोलचा तुकडा.

पाणी

टाकीतलं पाणी सकाळी हाताला झोंबतं. तेच सरळ कुंडीत ओतलं तर दिवसभर कमावलेली ऊब एका तांब्यात जाते. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा, किंवा थोडं गरम पाणी मिसळून हाताला ना गार ना गरम लागेल असं करून घ्या. बोअर असेल तर चालू करून थोडा वेळ वाहू द्या. जमिनीखालचं पाणी जानेवारीतही कोमटच येतं. पाणी सकाळी अकरा ते दुपारी एकच्या मध्ये द्या, संध्याकाळी कधीच नाही. आणि बोट दोन पेरं आत घातल्यावर माती कोरडी लागली तरच द्या. थंडीत ही वेळ आठ-दहा दिवसांनी येते, कधी त्याहून उशिरा. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका.

मातीच्या कुंडीबद्दल एक वेगळी सूचना. ती माठासारखीच वागते: अंगातून ओल बाहेर येते, सुकते आणि आतली माती गार करते. उन्हाळ्यात हा गुण वरदान आहे, जानेवारीत नाही. नाजूक झाडं थंडीपुरती प्लास्टिकच्या कुंडीत असलेली बरी. ते जमण्यासारखं नसेल तर निदान बाहेरून कुंडी कोरडी राहील असं बघा.

माती तापवणं

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि बहुतेक सल्ले याच जागी अर्धवट सुटतात. सगळे सांगतात, कुंडीला गोणपाट गुंडाळा. पण गोणपाट, थर्माकोल, लाकडाचा भुसा यांतलं काहीही स्वतः ऊब देत नाही. आत जे आहे तेवढंच ते धरून ठेवतं. माती ११ अंशांवर असताना तुम्ही कुंडी गुंडाळली, तर दुपारी खोली १८ वर गेली तरी माती १२-१३ च्या पुढे सरकत नाही. तुम्ही कुंडीतली थंडी जपून ठेवलेली असते. चोवीस तास गुंडाळलेली झाडं कधी कधी उघड्या झाडांच्या आधी का जातात, त्याचं कारण हे आहे.

म्हणून क्रम असा: दिवसा उघडायचं, तापवायचं, ऊन उतरायच्या आत झाकायचं. रोज. कंटाळा येतो, पण यात सूट नाही.

तापवायला ऊनच लागतं, आणि आपल्याकडे ते भरपूर आहे. डिसेंबरअखेर ग्वाल्हेरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आत येतं. त्या उन्हाच्या पट्ट्यात साडेदहा ते साडेतीन कुंड्या ठेवा. पण ऊन कुंडीच्या अंगावर पडलं पाहिजे, पानांवर नाही. हे मी जोर देऊन सांगते. मुळं अजून गारठलेली असताना पानांवर ऊन आलं की पानं पाणी मागतात, खालून ते मिळत नाही, आणि तासाभरात कॅलेथियाच्या पानांची सुरळी होते. यावर उपाय सोपा आहे. खिडकीच्या गजांना वरच्या बाजूने जुन्या धोतराचं किंवा ओढणीचं पांढरं कापड बांधा, खालचा वीतभर-दीड वीत भाग उघडा सोडा आणि कुंडी खिडकीच्या जवळ ठेवा. खालच्या फटीतून आलेलं ऊन कुंडीवर पडतं आणि पानं कापडाच्या सावलीत राहतात. पहिल्या दिवशी जरा उभं राहून सावली कुठे पडते ते बघा आणि कापड वर-खाली करा.

काळी नर्सरीची कुंडी भराभर तापते. पांढरी चिनी मातीची कुंडी ऊन परतवते, तिच्या उन्हाकडच्या बाजूला काळं कापड गुंडाळा. दुपारी एकदा कुंडी अर्धी फिरवा, नाहीतर एक बाजू २५ वर आणि दुसरी १४ वर राहते. माती तीनच्या सुमारास २०-२२ दाखवू लागली की काम झालं.

दक्षिणेला खिडकीच नसेल तर गच्ची, पण कठड्याच्या आडोशाला. उत्तर-पश्चिमेचा वारा कुंडीला लागत असेल तर उन्हाचा उपयोग निम्मा होतो.

झाकायची वेळ चार. सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो खरा, पण तोवर थांबलात तर फरशी आणि काच दोन्ही गार होऊन कुंडीतली ऊब ओढायला लागलेली असतात. चार वाजता कुंडी खिडकीपासून आतल्या भिंतीकडे आणा. पडदा आणि काच यांच्या मधल्या जागेत झाडं अजिबात ठेवू नका, रात्री खोलीतली सगळ्यात गार जागा तीच. मग कुंडी मोठ्या टबात किंवा रिकाम्या डब्यात ठेवा आणि मधल्या जागेत कोरडा भुसा, चुरगळलेली वर्तमानपत्रं किंवा थर्माकोलचे तुकडे भरा. तळाशीही दोन बोटांचा थर हवा, बहुतेक जण नेमका तोच विसरतात. वर मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. उचलता न येणाऱ्या मोठ्या कुंड्यांना जुनी गोधडी भोवताली गुंडाळून सुतळीने बांधा आणि सकाळी सोडा.

सकाळी पुन्हा थर्मामीटर. रात्रभरात पाच अंशांहून जास्त उतार दिसला तर भुसा ओला झालाय किंवा तळ उघडा राहिलाय, तिसरं कारण मला अजून आढळलेलं नाही. ओला भुसा लगेच बदला. ओलं भरण ऊब धरत नाही, उलट बाहेर काढून देतं.

धुक्याचे दिवस

जानेवारीत कधी कधी दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा एक लिटरच्या बाटलीत ४५ अंशांचं पाणी भरा, म्हणजे हात लावून धरता येईल इतपत गरम. झाकण घट्ट लावून बाटली टबातल्या भुशात कुंडीच्या शेजारी उभी करा. ४५ वरून २० वर येईपर्यंत ती साधारण २९ वॅट-तास उष्णता देते, म्हणजे १० वॅटची हीट मॅट (कुंडीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) जवळजवळ तीन तास चालवल्याइतकी. झोपायच्या आधी एक आणि पहाटे उठलात तर दुसरी. उकळतं पाणी भरू नका. प्लास्टिकची बाटली वाकते आणि कुंडीजवळची मुळं भाजतात.

हीट मॅट विकत घ्यायचीच असेल तर थर्मोस्टॅटसह (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) घ्या, त्याची तापमान मोजणारी काडी मातीत रोवा आणि २० वर लावा. सहा इंचांपर्यंतच्या कुंड्यांना आणि कलमांना ती उत्तम. बारा इंचांच्या कुंडीत तिची ऊब वरपर्यंत पोचत नाही. तिची वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जात नाही. पाठ शेकायची इलेक्ट्रिक पिशवी कुंडीखाली ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती, पाणी आणि ती पिशवी एकत्र आणू नका. इन्व्हर्टरवर कुंडी ठेवणंही तितकंच धोक्याचं.

कोणाला यातलं काही नको

स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांना ऊब कमी पडली तरी चालते, फक्त पाणी तोडा. अडेनियमची पानं गळू द्या आणि माती कोरडी ठेवा. शेवंती, पिटुनिया, पॅन्सी यांना थंडीच हवी, त्यांना गोधडीत घालू नका. तुळस मात्र या यादीत नाही. तिच्यावर पाल्याच्या, म्हणजे गोठणाऱ्या दवाच्या, भीतीने कापड टाकतात ते ठीक, पण कुंडी ओल्या दगडावरच राहते. तिलाही पाटावर घ्या आणि रात्री घरात आणा.

ग्वाल्हेरच्या मेळ्यातून, म्हणजे जत्रेतून, आणलेली नवी रोपं भर थंडीत लगेच मोठ्या कुंडीत हलवायचा मोह आवरा. आधीच गारठलेल्या मुळांना त्यात जखमा होतात. त्याच काळ्या पिशवीत, टबात भुसा भरून राहू द्या. खतही तोवर बंद, गार मुळं ते घेत नाहीत आणि क्षार नुसते मातीत साचतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सकाळची माती सलग आठवडाभर १८ च्या वर दिसली की आधी भुसा काढा, मग कुंडी बदला, आणि खत त्यानंतर पंधरा दिवसांनी द्या.