जुने मराठी प्रबंध डिजिटल संग्रहात चढवताना
टंकलिखित प्रबंध ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, मग टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडून ओसीआर करा, म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवा.

खरे छळतात ते संगणकावर लिहिलेले. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटमधली पीडीएफ पडद्यावर सुबक दिसते. पण दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, बहुधा रोमन अक्षरांचा काला दिसेल. शोधयंत्राला दिसतो तोही हाच. अशी पीडीएफ आधी पानांच्या प्रतिमांत बदला, नंतर ओसीआर.

शोधगंगेसाठी (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) शीर्षकपृष्ठ, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची यांच्या वेगळ्या फाइली करा. डीस्पेस या संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवताना लेखकाचे आडनाव आधी, मग स्वल्पविराम आणि नाव. मार्गदर्शकाला लेखकाच्या रकान्यात बसवू नका. नाहीतर विद्यार्थ्यांचे सगळे प्रबंध मार्गदर्शकाच्याच नावावर जमा होतात. शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिप्यंतरात, दोन्ही प्रकारे द्या.