गावठी कोंबडी पाळायची कशी आणि कापली तर वाया काही कसं जाऊ द्यायचं नाही

आधीच सांगतो, गावठी कोंबडीवर मांस कमीच निघतं, दीड किलोच्या पक्ष्यातून हाडं-पिसं काढली की ताटात काय उरतं ते बघा. म्हणून फक्त तंगडीसाठी पाळायची असेल तर ब्रॉयलर आणा ना भाऊ, स्वस्त पडेल. गावठी परवडते ती सगळी वापरली तरच.

सुरुवात पाच-सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, आणि एका कोंबड्यावर करा. मशीनबिशीन नको, कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला एका जागी बसून राहिली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा, आत लाल शिरा दिसल्या तर ठीक, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं. उन्हाळ्यात मात्र अंडी बसवू नका, आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला जातो, अंडी खराब होतात आणि खुडूक कोंबडीचे हाल वेगळे.

चारायला सोडलेली कोंबडी किडे, वाळवी, गवताचं बी स्वतःच शोधते. मडक्यात ओलं शेण आणि कडब्याचे तुकडे भरून जिथे वाळवी आहे तिथे रात्री पालथं घालायचं, सकाळी पिल्लांपुढे झटकायचं, फुकटचं प्रोटीन. संध्याकाळी मूठ-मूठ ज्वारी, बाजरी किंवा भरडलेला मका टाका म्हणजे खुराड्याकडे परत यायची सवय लागते. बुरशी लागलेला मका चुकूनही नको, त्यातलं विष लिव्हर खातं. आणि सरकीची ढेप घरात म्हशीसाठी पडलेली असते म्हणून कोंबड्यांना घालतात काही जण, तसं करू नका, सरकीत गॉसिपॉल असतं, त्याने अंड्याचा बलक हिरवट-काळपट पडतो. कपाशीवर फवारणी झाली की त्या वावरात कोंबड्या काही दिवस सोडायच्या नाहीत, मेलेले किडे खाऊन त्याही मरतात.

नॅचरल म्हणजे लस द्यायची नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की रात्रीतून खुराडं रिकामं होतं आणि त्याला औषध नाही. त्यावरच्या दोन लसी: पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंबाने, दोन महिन्यांची झाली की आर टू बी चं इंजेक्शन, गुरांच्या दवाखान्यात विचारा. बाटलीत डोस भरपूर असतात म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करा, आणि लस बर्फात आणा. उवा-पिसवांना चुलीची राख आणि माती एका खड्ड्यात घालून ठेवा, कोंबड्या त्यात स्वतःच लोळतात. उन्हाळ्यात पाणी माठातलं, सावलीत, छपरावर ओलं गोणपाट, आणि दाणा पहाटे किंवा दिवस मावळताना, दुपारी नाही.

आता कापायचं. सुस्त, नाक गळणारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी कधीच खायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापूरला, २०२१ ला परत आला, त्यामुळे एकदम पाच-सहा मेल्या तर दवाखान्याला कळवा, लपवू नका.

आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू, म्हणजे आतडी रिकामी राहतात. कापल्यावर रक्त पूर्ण निथळू द्या. पिसं काढायला पाणी कडक हवं पण उकळतं नको, नाहीतर कातडी फाटते. मग वरची लव पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजा आणि हळद चोळा. कातडीचा तो धुरकट वास रश्श्यात उतरतो, सोललेल्या कोंबडीला ती मजा नाही हे माझं ठाम मत आहे.

पोट उघडताना कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, फुटली तर सगळं कडू. पेटा, म्हणजे दाणा दळणारी जाड पिशवी, चिरून आतली खडी झाडा आणि पिवळी साल ओढून काढा. पाय उकळत्या पाण्यात बुडवले की साल मोज्यासारखी निघते, नखं तोडा, मान आणि पाठीच्या हाडांसोबत पाण्यात मंद आचेवर दोन तास ठेवा, थंड झालं की जेलीसारखं घट्ट होतं. त्यातच काळ्या मसाल्याचा रस्सा करायचा. म्हातारी कोंबडी असेल तर तिचं मांसही त्याच पाण्यात आधी शिजवा, मसाला नंतर, नाहीतर चिवट राहतं आणि मसाला जळतो. तिच्या पोटात बिनकवचाची पिवळी अंडी निघाली तर ती शेवटी सोडा, पाच मिनिटांत होतात. पोटाची चरबी कढवून बरणीत भरा, भाकरीला लावायला भारी.

पिसं, आतडी आणि विष्ठा शेणखताच्या खड्ड्यात खोल, वरून माती, नाहीतर कुत्री उकरतात. ताजी विष्ठा झाडाच्या बुडाशी टाकू नका, मुळं करपतात, चार-सहा महिने कुजली की भरताच्या वांग्यांना घाला. शिजलेली हाडं कुत्र्याला देऊ नका, त्यांचे काचेसारखे तुकडे पडतात, ती चुलीत पूर्ण जाळून कुटा आणि त्याच खड्ड्यात. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून परत कोंबड्यांनाच, तशीच टाकली तर त्यांना अंडी फोडायची चटक लागते.