संत्रा बागेचा सौदा स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर करताय? या चुका टाळा

अमरावतीच्या वरुड-मोर्शी या संत्रापट्ट्यात बागेचा सौदा कसा होतो, हे वेगळं सांगायला नको. आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग पाहतो, इसार देऊन जातो. भाव चढला तर तोडीला वेळेवर हजर. पडला तर फोन लागत नाही, नाहीतर "माल बारीक हाय भाऊ" म्हणत भाव पाडतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं आकर्षण इथेच आहे. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या डिजिटल वहीवरचा, हा प्रोग्राम रक्कम आधीच अडकवून ठेवतो आणि अट पुरी झाली की कोणाला न विचारता सोडतो. निक साबो यांनी ही कल्पना १९९०च्या दशकात मांडली. २०१५मध्ये इथेरियम ही ब्लॉकचेन आल्यावर ती खऱ्या अर्थानं वापरात आली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोडाला बाग दिसते असं समजणं. त्याला फळगळ कळत नाही, गारपीट कळत नाही. बाहेरची माहिती कोणीतरी पुरवावी लागते. या दुव्याला ओरॅकल म्हणतात. "माल उचलला" हे बटण एकट्या व्यापाऱ्याच्या हाती दिलंत, तर काहीच बदललं नाही. अट मोजता येईल अशी ठेवा: "चांगला माल" नको, काट्यावरचं वजन हवं. शेतकरी, व्यापारी आणि एक तिसरा माणूस, या तिघांपैकी दोघांच्या सह्यांनी पैसे सुटतील, अशी सोय करता येते. तिसरा माणूस गावातला असला तर व्यापाऱ्याला चालत नाही, मंडीतला असला तर शेतकऱ्याला. हे भांडण कोड लिहिण्याआधीच मिटवा.

पैसे अडकून पडलेत? बहुतेकदा मुदतच लिहिलेली नसते. गारांनी बाग झोडपली, तोड झालीच नाही, तर अट कधीच पुरी होत नाही. अमुक तारखेनंतर इसार कोणाचा आणि बाकी रक्कम कोणाला परत, हे कोडातच हवं. एकदा चढवलेला कोड सहसा बदलता येत नाही. २०१६मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीच्या कोडातल्या फटीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) वळते झाले आणि ते परत मिळवताना अख्खी साखळीच, म्हणजे ब्लॉकचेनच, दुभंगली. तुमच्या बागेसाठी कोणी साखळी फोडणार नाही.

कागद सोडून देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून रद्द ठरत नाही. पण १८७२च्या करार कायद्यातल्या खुल्या संमतीसारख्या अटी लागू राहतातच. डिजिटल पैशांचं वॉलेट पोराच्या मोबाईलमध्ये, बाग बापाच्या नावावर, मग संमती कोणाची? मराठीत साधा करारनामा करा, त्यात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टाका आणि कागद-कोडात फरक पडला तर कोणतं मानायचं तेही लिहा. मी कागदच म्हणेन. शेतजमिनीच्या खरेदीला तर दुय्यम निबंधकाकडे जावंच लागतं. ब्लॉकचेनवर जमिनीचं डिजिटल टोकन घेतल्यानं सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

अडकवलेली रक्कम सहसा क्रिप्टोत (आभासी चलनात) असते, हेही लोक विसरतात. तोडीपर्यंत त्याचाच भाव पडू शकतो. चढला तर त्या नफ्यावर ३० टक्के कर, शिवाय हस्तांतरावर १ टक्का टीडीएसचा नियम; शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याची सबब इथे चालत नाही.

एवढं करूनही करायचंच असेल, तर पहिल्या बहाराला फक्त इसारापुरतं करा. कोड आधी टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणीच्या साखळीवर, चालवून पाहा, आणि त्यात "तोड झाली नाही" हा प्रसंग मुद्दाम घडवून बघा.